मदत हवी आहे: घंटागाडीवरच्या भावाची सही १४,६०० वर, हातात ९,८००

मंडळी, खान्देशातल्या एका पालिकेच्या घंटागाडीवर माझा मोठा भाऊ मक्तेदाराकडून कामाला आहे. पहाटे साडेपाचला हजेरी. सही घेताना मुकादम पत्रक दुमडून धरतो, पण या महिन्यात भावाला आकडा दिसला: १४,६००. हातात रोख ९,८००. विचारलं तर म्हणे, "पीएफ कापला, विमा कापला, आणि भंगाराचे पैसे तर तुम्हीच खाता ना!"

भंगार म्हणजे गाडीला लटकवलेलं एक पोतं. पुठ्ठा, पाण्याच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या. बाटलीची झाकणं वेगळी केली की भंगारवाला किलोमागे थोडे जास्त देतो, म्हणून वहिनी रात्री झाकणं काढत बसते. आठवड्याला चार-पाचशे सुटतात. भाजीपाला त्यावरच. खोलीचं भाडं ३,०००, गॅस, लाइटबिल, पोरांच्या वह्या. कळण्याची भाकरीसुद्धा आता गरिबाची राहिली नाही.

वर आखाजीपासून (अक्षय्य तृतीया) आंब्याच्या साली-कोयांनी ओला कचरा नुसता दगड होतो. मक्तेदाराला बिल टनावर, भावाला पगार हजेरीवर.

भंगार मिळतं म्हणून पगार कापता येतो का? आणि पीएफ खरंच भरलाय का, कसं बघायचं? तक्रार केली तर गाडीवरून उतरवतील, ही भीती आहेच.

प्रतिसाद:
दादा, आधी हिशोब. पीएफ १२ टक्के, पूर्ण रकमेवर धरला तरी १,७५२. ईएसआयसी, म्हणजे कामगार विमा, पाऊण टक्का, ११०. व्यवसाय कर २००. म्हणजे १२,५३८ हातात यायला हवे. उरलेले २,७३८ कुठे गेले? भंगाराचा पगाराशी काही संबंध नाही. यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा नंबर, मागून घ्या, सरकारच्या उमंग ॲपवर पीएफचं पासबुक दिसतं. दर महिन्याचा पीएफ पुढच्या १५ तारखेपर्यंत भरावा लागतो. आणि मक्तेदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने, म्हणजे इथे पालिकेने द्यायची, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून आहे. सहायक कामगार आयुक्तांकडे अर्ज द्या, पण एकट्याच्या नावाने नको. पाच-सहा जणांच्या सह्या घ्या. पगार बँकेतच मागा.

धागाकर्ता:
पासबुक उघडलं. शेवटची नोंद दिवाळीच्या महिन्याची, त्यानंतर कोरं. कापणं मात्र दर महिन्याला चालू आहे. बाकीच्या दोन गाड्यांवरचे चौघे सही करायला तयार आहेत. पत्रकाचा फोटो नाही, मुकादम मोबाइल बाहेर काढू देत नाही. नुसत्या पासबुकावर अर्ज घेतील का?