वीज-पाण्याच्या पालिका कार्यालयात कधी गेलात? अनुभव लिहा

सांजवारा
काल बाबांच्या नावावरची वीज आणि पाण्याची जोडणी आईच्या नावावर करायला गेले. दोन्ही खाती पालिकेचीच, एकाच इमारतीत. खिडकीवरच्या बाईंनी जुनी फाइल काढली तर आत बाबांच्या हातचा अर्ज. अक्षर बघून गलबलून आलं. बाईंनी काही न बोलता खुर्ची पुढे केली. मग एकदम आठवलं, शाळेत असताना बाबा मला जलशुद्धीकरण केंद्र दाखवायला घेऊन गेले होते. एका टोकाला चहासारखं गढूळ पाणी. तुरटी पडली, ढवळलं गेलं, गाळाच्या गाठी धरल्या, निवळण टाकीत खाली बसल्या, वरचं पाणी वाळूतून झिरपत पुढे. कठड्याला धरून मी हलायलाच तयार नव्हते. बिलापुरतं सगळेच जातात. आत जाऊन बघितलंय का कुणी?

मधुमालती
वाचून वाईट वाटलं गं. काळजी घे आईची. नावबदलाला काय काय लागलं? आमचंही राहिलंय.

सांजवारा
मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांचं ना-हरकत पत्र, शेवटचं भरलेलं बिल. ठिकाणागणिक बदलतं, आधी विचारून घे.

काचपात्र
मी अशाच केंद्राच्या प्रयोगशाळेत होतो. पावसाळ्यात नदीचा रंग तासातासाला बदलतो, तुरटी किती घालायची ते परत परत ठरवावं लागतं. एका ओळीत काचपात्रं, सगळ्यांत तेच पाणी, तुरटी मात्र चढत्या मापानं. ढवळायचं, थांबायचं, कुठल्या पात्रात गाठी चांगल्या बसल्या ते बघायचं. यंत्रं आली तरी ही चाचणी सुटलेली नाही. आणि क्लोरीनच्या वासाची तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी हेच सांगायचो की नळाशी पोचेपर्यंत लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम उरायलाच हवा, वाटेत पाइप फुटका असेल तर तोच राखण करतो. अमेरिकेत जर्सी सिटीच्या पाण्यात १९०८ साली नियमित क्लोरीन सुरू झाला, तेव्हाही लोक घाबरले होते, प्रकरण कोर्टात गेलं होतं.

उंबरठा
वास आला की भांडं उघडं ठेवा थोडा वेळ, उडून जातो. बाकी सावकाश लिहिते, कुकर लावलाय.

पन्हाळ
पाण्याचं बिल वाढलेलं, म्हणून गेलो होतो. तिथल्या मुलीनं सांगितलेलं सगळ्यांच्या कामाचं आहे: घरातले सगळे नळ बंद करा आणि मीटर बघा. चकतीवरचा बारका त्रिकोण तरीही फिरत असेल तर मीटरच्या अलीकडे, आपल्या बाजूला गळती आहे. आमच्याकडे फ्लशच्या टाकीतून अखंड बारीक धार चालू होती, आवाजसुद्धा नाही.

मधुमालती
@पन्हाळ आत्ता बघून आले. फिरत नाहीये!! 😄

रानपाखरू
माझे वडील लाइनमन होते. वादळात लोकांना अंधार दिसतो, आम्हाला बाबा खांबावर दिसायचे. लाइन बंद केल्यावरही तारा अर्थ केल्याशिवाय, म्हणजे जमिनीशी जोडल्याशिवाय, ते हात लावायचे नाहीत. का, तर कुणीतरी घरचा जनरेटर थेट सॉकेटमध्ये जोडतं, ती वीज उलटी ट्रान्सफॉर्मरमधून जाते आणि लाइनवर पुन्हा हजारो व्होल्ट चढतात. कृपा करून चेंजओव्हर स्विच बसवा, म्हणजे घर एका वेळी लाइनवर नाहीतर जनरेटरवर, दोन्ही एकदम नाही. माणसं मरतात हो.

उंबरठा
रानपाखरू 🙏 वडील बरे आहेत ना?

रानपाखरू
हो, निवृत्त. वीज गेली की अजून आधी गॅलरीत जाऊन बघतात कुठली कुठली घरं गेलीत.

काचपात्र
दोन्ही खाती एकत्र असण्याचा फायदा तिथेच कळतो. पंप विजेवर. वीज गेली, पंप थांबला, की पाइपातला दाब पडतो आणि फटींतून बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. म्हणून पुरवठा परतल्यावर पहिलं पाणी वाहू द्यावं, शंका आली तर उकळावं. उंच टाकी भरलेली असेल तर ती सांभाळून घेते, दर १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब.

पन्हाळ
मुंबईची बेस्ट १९४७ला महापालिकेकडे आली, पण तिच्याकडे वीज आणि बस. पाणी पालिकेच्या वेगळ्या खात्याकडे. लॉस एंजेलिसमध्ये मात्र वीज-पाणी एकाच खात्यात.

मधुमालती
रानपाखरू, तो चेंजओव्हर स्विच कोण बसवतं, साधा इलेक्ट्रिशियन चालतो का?

रानपाखरू
परवानाधारकच बोलाव. आणि वीज कार्यालयात कळवून ठेव.