तो ६ येतो कुठून?
१ ते न या संख्यांच्या वर्गांच्या बेरजेच्या सूत्रात, म्हणजे न(न+१)(२न+१)/६ मध्ये, खाली ६ कुठून आला असं वर विचारलंय. आम्हीही शाळेत तो निमूटपणे पाठ केला होता!

(क+१)³ − क³ = ३क² + ३क + १ हे घ्या. क ला १ ते न अशा किमती देऊन ओळी एकाखाली एक मांडा आणि बेरीज करा. डावीकडचं मधलं सगळं कटतं, उरतं (न+१)³ − १. उजवीकडे वर्गांच्या बेरजेची तिप्पट, १ ते न यांच्या बेरजेची तिप्पट म्हणजे ३न(न+१)/२, आणि न. हा छेदातला २ आणि तिपटीचा ३, झाला ६. न=३ घालून बघा: १+४+९=१४, ३×४×७/६ सुद्धा १४.

आर्यभटाच्या ‘आर्यभटीय’ या ग्रंथात हाच नियम शब्दांत आहे: पदसंख्या, तीत एक मिळवून येणारी संख्या आणि या दोहोंची बेरीज, तिघांच्या गुणाकाराचा सहावा भाग.