कायझन माझं, नाव साहेबांचं. मदत हवी आहे

पट्टीवाला: प्रेसशॉपला आहे, चाकण. २०० टनाच्या प्रेसवर डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) बदलायला पाऊण तास जायचा. मी म्हटलं, सगळ्या डायांची क्लॅम्पिंगची उंची एक करा, खाली पट्ट्या वेल्ड करा. दर वेळी उंची जुळवायला पॅकिंग शोधत फिरायला नको, बोल्टही एकाच लांबीचे चालतील. 'बघू' म्हणाले. काल बोर्डावर कायझन, म्हणजे कामातली छोटी सुधारणा, म्हणून तेच लागलंय, ४५ मिनिटांची २०, नाव साहेबांचं. 'नंतर'च्या फोटोत पट्टी धरलेला हात माझा, अंगठ्याला चिंधी बांधलेला! एचआरला मेल टाकू का? लवकर सांगा, सेकंड शिफ्ट आहे.

जुना फिटर: कायझनची शीट भरली होतीस का? तारीख काय?

गोदाक्का: पर्मनंट की कंत्राटी? आधी ते सांग.

जिदोका: टोयोटाने १९५१ साली सूचना योजना सुरू केली, तीही फोर्डकडची बघून. तिथे छोट्यातली छोटी सूचनासुद्धा...

जुना फिटर: आला जपान! आमच्याकडे माणशी महिन्याला दोन कायझनचं टार्गेट होतं. लोक झाडू अडकवायला खिळा मारायचे आणि शीट भरायचे.

जिदोका: झाडू जागेवर सापडतो ना? मग ते कायझनच.

जुना फिटर: एकाच झाडूला वर्षात चार खिळे झाले होते, राव.

कायदेपंडित: पेटंट घे. १९७० चा कायदा आहे, २० वर्षं हक्क राहतो. आधी प्रोव्हिजनल अर्ज टाक.

गोदाक्का: पट्टी वेल्ड करण्याचं पेटंट? काहीही!

लाइन नं. ३: मी स्वतः सुपरवायझर आहे, शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. आमच्या पोर्टलला कंपनीचा टोकन नंबर टाकल्याशिवाय सूचना पुढे जात नाही. कंत्राटी पोराला टोकन नसतो, मग माझ्याच नावावर टाकावी लागते. मी शेरा म्हणून खाली पोराचं नाव लिहितो. सगळे लिहीत नाहीत.

मिसळप्रेमी: आमच्या कॅन्टीनच्या सूचनापेटीत गायछापच्या पुड्या निघायच्या. किल्ली कुणाकडे होती ते शेवटपर्यंत कळलं नाही.

पट्टीवाला: शीट नाही भरली, सकाळच्या मीटिंगला तोंडी सांगितलं होतं. कंत्राटी आहे, दोन वर्षं झाली. आणि साहेब आमच्याच गावचे. त्यांनीच मला चिकटवलं इथे.

गोदाक्का: हे आता सांगतोस? मग मेलबिल काही टाकू नकोस. चहाच्या वेळी एकटे गाठ आणि सरळ म्हण, 'दादा, बोर्डावर माझंपण नाव लावा ना.' गावच्या माणसाला एवढं म्हणता येतं.

जुना फिटर: म्हणून काही होत नाही. पुढचं जे सुचेल ते कागदावर लिही, तारीख टाक, मोबाइलवर फोटो काढ, मग तोंड उघड.

लाइन नं. ३: आधी बोल रे. आम्हालाही लाज असते.

पट्टीवाला: स्क्रॅपच्या घसरगुंडीचं एक डोक्यात आहे. ते आता सांगू की दाबून ठेवू?

जिदोका: दाबू नकोस. हेच तर म्हणतोय मी मघापासून.

जुना फिटर: दाब. शीट मिळेपर्यंत दाब.

गोदाक्का: ते राहू दे, अंगठ्याला काय झालंय? अपघाताच्या रजिस्टरला नोंद केली का? ईएसआय (कामगार विमा) कापतात ना तुझं?