बक्षिसांच्या तोंडावर सेट टाकून देणे कितपत योग्य?

चौकटराजा
नो-लिमिट होल्डेमच्या (पोकरचा प्रकार: हातात दोन पत्ते, टेबलावर सर्वांसाठी पाच) स्पर्धेत 19 खेळाडू उरले होते आणि बक्षिसे 18 जणांना होती. ब्लाइंड (दोन खेळाडूंनी पत्ते पाहण्याआधी लावायच्या सक्तीच्या रकमा) 1,000-2,000, अँटी (प्रत्येक हाताची जादा सक्तीची रक्कम) एकूण 2,000. माझ्याकडे इस्पिक आणि चौकट अठ्ठी होती. मी 4,500 चे रेझ केले (रक्कम वाढवली) आणि फक्त बिग ब्लाइंडने (2,000 ची ब्लाइंड लावलेल्या खेळाडूने) कॉल केला, म्हणजे तेवढीच रक्कम लावली. फ्लॉपवर (टेबलावरचे पहिले तीन पत्ते) बदाम राणी, किलवर अठ्ठी आणि बदाम पंजी आली. माझ्या 4,000 ला त्याने कॉल केला. टर्नला (चौथा पत्ता) बदाम नव्वी आल्यावर 10,000 लाही केला. रिव्हरला (पाचवा, शेवटचा पत्ता) चौकट दुर्री पडली, तेव्हा पॉट (जमलेली एकूण रक्कम) 40,000 चा होता, आणि तोवर फक्त चेक-कॉल करणाऱ्या (स्वतः काही न लावता माझ्याएवढीच रक्कम लावणाऱ्या) या खेळाडूने आपले उरलेले 60,000 पुढे सरकवले. तो मोजकेच हात खेळत होता आणि शोडाउनला (शेवटी पत्ते उघडताना) दाखवलेले त्याचे पत्ते भक्कमच असत. माझ्याकडे 62,000 होते. मी सेट (तीन अठ्ठ्या) टाकला. हा निर्णय हिशेबाला धरून आहे, की मी बबलच्या (बक्षिसे सुरू होण्याच्या अगदी आधीचा टप्पा) दडपणाखाली गेलो?

किलवर सत्ती
हिशेबाला धरून आहे. 1,60,000 च्या पॉटसाठी तुम्हाला 60,000 घालायचे होते, म्हणजे नुसत्या चिप्सच्या दृष्टीने 37.5 टक्के वेळा जिंकणे पुरेसे होते. आता त्याच्या बाजूने पाहू. जपून खेळणारा माणूस बिग ब्लाइंडवरून कॉल करील असे बदामाचे हात (ज्यांनी फ्लश, म्हणजे एकाच रंगाचे पाच पत्ते होतात), म्हणजे एक्क्यासह गुलाम, दश्शी आणि खालचे पत्ते, राजा-गुलाम, राजा-दश्शी, गुलाम-दश्शी, आठ-सात, सात-सहा, मिळून 13 कॉम्बो (दोन पत्त्यांच्या शक्य जोड्या) होतात. शिवाय इतर तीन रंगांपैकी एकाच रंगाचे गुलाम-दश्शी आणि सात-सहा हे सहा स्ट्रेट (सलग पाच पत्ते). नव्व्यांचा सेट सोडला तरी 19 कॉम्बो तुमच्या पुढे आहेत. कॉल फायद्याचा ठरायला त्याच्याकडे तुमच्याहून कमकुवत असे किमान 12 कॉम्बो हवेत, आणि टर्नला फ्लश पूर्ण झाल्यावरही मुकाट कॉल करून रिव्हरला पॉटच्या दीडपट लावणाऱ्या अशा खेळाडूकडे ते मला सापडत नाहीत. तुमच्या अठ्ठ्या बदामाच्या नसल्याने त्याचा एकही फ्लश अडवत नाहीत, हेही महत्त्वाचे.

त्यात बबल. तिथे गमावलेल्या चिप्सची किंमत मिळवलेल्या चिप्सहून जास्त असते. ती दुप्पट धरली तर 37.5 ऐवजी जवळपास 54.5 टक्के लागतात. खरा गुणक सगळ्यांच्या चिप्स आणि बक्षिसांच्या विभागणीवर ठरतो. पण पत्ते टाकून तुमच्याकडे 31 बिग ब्लाइंड राहिले, हरला असता तर एकच.

अबोल
निष्कर्षाशी सहमत आहे, पण ‘तो जपून खेळतो’ या गृहीतकावर सगळी मांडणी उभी आहे. थोडेसेच हात पाहिले असतील, तर मोजके खेळणे हा निव्वळ पत्त्यांचा दुष्काळही असू शकतो. त्याने कुठल्या जागेवरून काय खेळले, शोडाउनला कोणत्या पत्त्यांवर किती लावले होते, हे पाहिल्याशिवाय मी प्रतिस्पर्ध्याबद्दलच्या अशा अंदाजावर भरवसा ठेवत नाही. चेहऱ्यापेक्षा बेटचा (लावलेल्या रकमेचा) आकार जास्त बोलतो. अशा खेळाडूने याआधी कधी पॉटहून मोठी बेट लावली होती का, आणि लावली असल्यास कोणत्या पत्त्यांवर?

चौकटराजा
एकदा. बोर्डवर चार किलवर होते आणि त्याच्याकडे किलवर एक्का निघाला.

अबोल
मग माझीही शंका उरत नाही.

मधला खेळाडू
एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा: ही शिस्त फ्लॉपच्या आधी राजांच्या जोडीला लावू नका. तुमच्याकडे दोन राजे असताना एका ठरावीक प्रतिस्पर्ध्याकडे एक्क्यांची जोडी असण्याची शक्यता सुमारे 0.5 टक्के असते. त्याने फक्त एक्के, राजे, राण्या किंवा एक्का-राजा यांवरच ऑल-इन केले (सगळ्या चिप्स लावल्या), असे मानले तरी 21 पैकी सहाच कॉम्बो एक्क्यांचे असतात आणि तुम्ही सुमारे 57 टक्के वेळा जिंकता. सॅटेलाइटची (जिथे बक्षीस म्हणून मोठ्या स्पर्धेची तिकिटे मिळतात) गोष्ट वेगळी. सारख्याच किमतीची 10 तिकिटे, 11 खेळाडू, तुमच्याकडे भरपूर चिप्स आणि कोणीतरी अगदी संपत आलेला असेल, तर तुमच्याहून मोठ्या ऑल-इनसमोर एक्क्यांची जोडीसुद्धा टाकावी.