शब्दचर्चा: 'कॉस्ट फॉर टू'ला मराठीत काय म्हणावं?

भाषांतरवाली: हॉटेलं शोधायच्या एका ॲपचा मराठी मजकूर तपासते आहे. हॉटेलच्या नावाखालच्या पट्टीत 'कॉस्ट फॉर टू'चं, म्हणजे दोघांच्या जेवणाच्या खर्चाचं, 'दोनसाठी किंमत ₹८००' असं आलंय. 'दोनसाठी' चूक आहे, माणसं दोघं असतात. पण आकडा प्रोग्राम भरतो, मजकूर ठरलेला असतो. दोघं, तिघं, चौघं ठीक, पाचापासून 'पाच जण' होतं. पट्टीही अरुंद आहे. काय लिहावं?

काना_मात्रा: सॉफ्टवेअरच्या वचन-नियमांत मराठीला दोनच खाने आहेत, एक आणि इतर. दोघं-तिघं दोन्ही 'इतर'मध्ये पडतात. डेव्हलपरला सांगून =२, =३, =४ अशी नेमक्या आकड्यांची वेगळी वाक्यं मागून घ्या, बाकी सगळं '५ जणांसाठी' या साच्यात. आकड्याला प्रत्यय चिकटवू नका, नाहीतर '२घांसाठी' छापून येतं.

पंगत: एवढं कशाला? 'माणशी ₹४००' लिहा. केटरर, आचारी, सहलवाले सगळे माणशीच बोलतात. रूप बदलत नाही, जागाही कमी लागते.

भाषांतरवाली: निम्मं केलं की आकडा खोटा होतो. दोघांत एक पनीरची भाजी २६०, एक डाळ १८०, चार रोट्या १२०, एक जिरा राइस १६०, मिळून ७२०. निम्मे ३६०. पण एकट्याला अर्धी भाजी मिळत नाही. भाजी, दोन रोट्या आणि राइस घेतला तरी ४८०, आणि डाळ नाहीच. थाळीला माणशी चालेल, आ ला कार्टला, म्हणजे सुटे पदार्थ मागवायचे तिथे, नाही.

मूळशोध: 'दरडोई' आहे की.

पंगत: दरडोई उत्पन्न असतं, जेवण माणशी असतं. डोयांची गणती सरकार करतं, पंगतीत पानं मोजतात.

मूळशोध: मग निदान 'किंमत' काढा. किंमत अरबी, खर्चही तिकडचाच. 'मोल' आपलं, मूल्यावरून आलेलं.

काना_मात्रा: 'जमाखर्च' ज्या भाषेत इतका मुरलाय तिथे खर्च परका कसा? अर्थाचा मुद्दा मात्र बरोबर. किंमत वस्तूची, खर्च माणसाचा. 'दोघांची किंमत ₹८००' म्हणजे त्या दोघांचाच भाव झाला, आणि 'दोघांचं मोल' तर आणखी बिकट. 'दोघांचा खर्च' म्हटलं की कुणी अडखळत नाही. त्यामागे 'अंदाजे' हवंच.

गल्ल्यावरचा: 'अंदाजे' पुरत नाही, करासह की करावेगळा ते लिहा. वरच्याच ७२० वर ५ टक्के जीएसटी ३६, बिल ७५६. दहा टक्के सर्व्हिस चार्ज लावला तर ७९२, त्या ७९२ वर जीएसटी ३९.६०, बिल ८३१.६०. महागड्या तारांकित हॉटेलात जीएसटी १८ टक्के असतो, तिथे सर्व्हिस चार्ज न धरताही ८४९.६०. दारू घेतली तर ती जीएसटीबाहेर, तिला राज्याचा व्हॅट. म्हणजे ताटात तेच अन्न, आणि पट्टीवरचा आकडा चार प्रकारचा असू शकतो.

आणि सर्व्हिस चार्जला कृपया 'सेवाकर' लिहू नका, हे सर्रास दिसतं. कर सरकारात जातो. सेवाकर हा वेगळा कर होता, तो १ जुलै २०१७ला जीएसटीत गेला. हे 'सेवाशुल्क', हॉटेलच्या गल्ल्यात जाणारं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते बिलात आपोआप लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५मध्ये त्या सूचना कायम ठेवल्या. 'कर' वाचून गिऱ्हाईक गप्प बसतं आणि पैसे देतं. एका शब्दाने इतका फरक पडतो.

मूळशोध: 'शुल्क'ही परीक्षेला, प्रवेशाला, सरकारलाच देतात. 'सेवेचे पैसे' का नको?

गल्ल्यावरचा: बिलाच्या ओळीत 'पैसे' नसतात हो.

भाषांतरवाली: त्याच ॲपमध्ये ₹, ₹₹, ₹₹₹, ₹₹₹₹ अशा स्वस्त-महागाच्या पायऱ्याही आहेत. अंध वापरकर्त्याचं वाचन-सॉफ्टवेअर 'रुपया रुपया रुपया' म्हणतं, म्हणून प्रत्येक पायरीला शब्द द्यायचाय. मी स्वस्त, माफक, महाग, फार महाग असे दिलेत.

काना_मात्रा: 'माफक' नको. मुवाफिक म्हणजे जुळणारं, बेताचं. 'माफक दरात' ही पाटी दुकानदार स्वतःच लावतो, ती शिफारस झाली. दुसरी पायरी म्हणजे नुसतं मधलं. 'मध्यम' लिहा.

मूळशोध: महार्घावरून महाग, समर्घावरून सवंग. जोडी तयार आहे, 'स्वस्त'च्या जागी 'सवंग' घ्या.

पंगत: सवंग म्हणजे आता हलक्या अभिरुचीचं. ती पट्टी कुठला हॉटेलवाला स्वतःच्या नावाखाली राहू देईल?

मूळशोध: अर्थ घसरलाय म्हणून शब्द टाकायचा का? वापरला तर परत वर येईल.

पंगत: येईल तेव्हा येईल, ॲप या महिन्यात यायचंय. आणि ₹₹ मध्यम कुठलं? कोल्हापूरचं मध्यम वांद्र्यात स्वस्त ठरतं. पायरी त्या शहरापुरती असेल तर 'या शहरात मध्यम' असं लिहा.

भाषांतरवाली: तेही पट्टीत मावायला हवं.