सूत्र नंतर, आधी डबा

घनफळ कसं शिकवावं या चर्चेत एकांनी लिहिलंय की लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची पाठ झालं की घनफळ आलं. मला नाही पटत. सूत्र घडाघडा म्हणणाऱ्या मुलांना विचारा, एक घनमीटरच्या टाकीत किती लिटर पाणी मावेल? बरीच जण शंभर म्हणतील. १० सेंमी बाजूचा पुठ्ठ्याचा डबा करायला लावा, तो झाला एक लिटर. मीटरभर कडेला असे १०, एका थरात १००, आणि थर १०. आपोआप १००० येतात.

विज्ञानात तर आणखी गंमत. ५० मिली पाण्यात ५० मिली शुद्ध इथेनॉल (एक प्रकारचं अल्कोहोल) घाला, मिश्रण भरतं जेमतेम ९६ मिली! वजनाची बेरीज मात्र चोख. (हे शिक्षकांनीच करून दाखवावं, इथेनॉल चटकन पेटतं.)