'जाने भी दो यारों' फसलेला रहस्यपट नाही

लालदिवा
काल इथेच एक लेख वाचला. 'जाने भी दो यारों' हा रहस्यपट म्हणून साफ फसलाय, असं त्यात ठासून म्हटलंय. कारणं तीन. खुनी कोण ते फार लवकर कळतं, धडपडण्या-आपटण्यात तपास हरवतो आणि शेवट प्रेक्षकाशी दगा करतो. तिथेच प्रतिसाद लिहायला बसले, तो लांबत गेला, म्हणून वेगळा धागा काढतेय.

खुनी कोण, हा त्या सिनेमाचा प्रश्नच नाही. विनोद आणि सुधीर हे दोन फोटोग्राफर बागेत स्पर्धेसाठी फोटो काढतात. एका फोटोत काहीतरी वेगळं दिसतं, म्हणून ते तो मोठा करत जातात आणि खून सापडतो. बागेचं नाव अँटोनिओनी पार्क. कल्पना कुठून घेतली ते दिग्दर्शक कुंदन शहांनी लपवलेलं नाही, अँटोनिओनीचा 'ब्लो-अप' (१९६६) पाहिलेल्याला लगेच कळतं.

माझ्या वडिलांचा तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ होता. डार्करूममध्ये मी त्यांच्या शेजारी स्टुलावर उभी राहायचे. एन्लार्जर जितका वर सरकवाल तितका चेहरा मोठा होतो आणि तितकाच विरघळतो. शेवटी नुसते दाणे उरतात. कुणाच्या हातात पिस्तूल आहे हे तुम्हाला दिसतं, कारण तुम्ही तासभर त्याकडे बघत असता. दुसऱ्याला फक्त काळा डाग दिसतो. म्हणून या दोघांना फोटो पुरत नाही, खून झालेल्या भ्रष्ट आयुक्त डिमेलोचं प्रेत लागतं. आणि प्रेत हातात टिकत नाही. दारू प्यायलेला बिल्डर आहुजा शवपेटीला बंद पडलेली गाडी समजतो आणि ओढून नेतो. सगळी पळापळ पुरावा सांभाळण्यासाठी चाललेली असते. तपास हरवला म्हणणाऱ्यांनी एवढंच बघावं, की प्रेत काढून घेतलं तर त्यातला एक तरी विनोद उरतो का.

सरळरेषा
तो लेख माझाच, म्हणून उत्तर देतो. तुमच्या वडिलांच्या डार्करूमबद्दल आदर आहे, पण त्यानं मुद्दा सुटत नाही.

बावळट डिटेक्टिव्हच्या सिनेमाचा प्रेक्षकाशी एक करार असतो. 'अ शॉट इन द डार्क' (१९६४) घ्या. पीटर सेलर्सचा इन्स्पेक्टर क्लूसो दारावर आपटतो, पाण्यात पडतो, जाईल तिथे नवं प्रेत. तरी शेवटी संशयित एकमेकांवर आरोप करत गाडीत बसून पळतात आणि क्लूसोसाठी लावलेला बॉम्ब त्यांच्यावरच फुटतो. योगायोगानं का होईना, निकाल लागतो. इथे दोन भाबडी पोरं सव्वादोन तास जीव काढतात आणि शहरातला नवा पूल पडल्याचं बालंट त्यांच्यावरच येतं. कैद्याच्या कपड्यात दोघं रस्त्यावर, मागे 'हम होंगे कामयाब'. हसवून हसवून शेवटी कानाखाली मारण्याला मी दगाच म्हणतो.

आणि खरं सांगतो. माझे वडील एका नगरपालिकेत अभियंता होते. निवृत्त झाले तेव्हा घरात एक सायकल आणि भिंतीवरचं घड्याळ. हा सिनेमा दूरदर्शनवर लागला, त्यानंतर आमच्या आळीत पोरं त्यांना 'डिमेलो' म्हणायला लागली. ते काही बोलले नाहीत. मी आजही त्या सिनेमाला मोकळेपणी हसू शकत नाही.

लालदिवा
वडिलांचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण पोरांच्या वाह्यातपणाचा हिशोब सिनेमाकडे मागू नका.

क्लूसोचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. तो मुळात एका फ्रेंच नाटकावरून आलेल्या कथेत नंतर घुसवलेला माणूस आहे, आणि कथेत शिरताना तो काय घेऊन येतो? हुद्दा. कितीही मूर्ख असला तरी तो पोलीस इन्स्पेक्टर आहे. वरिष्ठानं केस काढून घेतली तरी पुन्हा मिळते. चुका त्याला परवडतात. विनोद-सुधीरकडे चालत नसलेला स्टुडिओ आणि कॅमेरा, एवढंच. त्यांना बातमी आणायला पाठवणारी 'खबरदार'ची संपादिका शोभासुद्धा त्याच फोटोंवर खुनी बिल्डर तर्नेजाशी सौदा करते. अशा दोघांना योगायोगानं जिंकवलं असतं तर ते खोटं झालं असतं.

ओलभिंत
पूल पडल्याचा विषय निघालाच आहे, तर बोलतोच. सिनेमा १९८३चा. त्याआधीच्या वर्षी सिमेंटच्या प्रकरणावरून अंतुल्यांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं होतं. घर बांधायचं तर सिमेंटला परमिट लागायचं, हे आजच्या मुलांना खरं वाटत नाही. आमच्या आजोबांनी गोठ्याच्या भिंतीसाठी मिळवलेल्या गोण्या माजघरात ठेवल्या होत्या आणि रात्री त्यांच्याशेजारी झोपायचे. तेव्हाच्या प्रेक्षकाला सिमेंट कुठे जिरतं हे समजावून सांगावं लागत नव्हतं.

आता आमचं बघा. पुनर्विकासात इमारत पाडली, तीन वर्षं सांगितली, सात लागली. ताबा मिळाला त्याच पावसाळ्यात बेडरूमची भिंत ओली. बिल्डरचा माणूस म्हणतो, घरात कपडे वाळवता म्हणून ओल येते. तीन अर्ज केले, तिन्हींची पोच आहे, उत्तर एकाचंही नाही. मला तो शेवट दगा वाटत नाही. सोसायटीच्या सभेत मी तो दर महिन्याला बघतो.

सरळरेषा
बघा, हेच होतं. सिनेमावर बोलायचं म्हटलं की प्रत्येक जण आपली भिंत घेऊन येतो.

ओलभिंत
तुम्ही वडिलांची सायकल आणलीत ती चालली, माझी भिंत नाही?

तिसरीघंटा
दोघांनीही शांत व्हा. मला सगळ्यात खटकतो तो महाभारताचा प्रसंग, पळापळीत सगळे प्रेतासकट चालू नाटकात घुसतात तो. त्याला सगळे डोक्यावर घेतात, पण मी चाळीस वर्षं हौशी रंगभूमीवर काढलीत आणि मला तो बघवत नाही. प्रेताला द्रौपदी केलंय, आहुजा भीम होऊन घुसतो, त्याच रंगमंचावर शेवटी अकबरही अवतरतो. पडदा ओढायला कुणी नाही? नाटकवाले इतके गाढव नसतात. आणि प्रसंग संपता संपत नाही.

पेटीमास्तर
पडदा ओढायला कोण नाही विचारता? आमच्या गावी गणपतीत 'सुभद्राहरण' होतं. कृष्णाचं काम करणाऱ्याच्या घरून आत निरोप आला, की म्हैस सुटलीय. कृष्ण तसाच मुकुटासह पळाला. पुढची वीस मिनिटं बलरामानं एकट्यानं कृष्णाची वाक्यंही म्हटली. पडदा ओढणारा ओढेना, कारण पुढे बसलेल्या सरपंचांनी हातानं थांब म्हटलं होतं. मी पेटीवर, तेव्हा समोरून बघतोय. लोक जागचे हलले नाहीत. म्हणून सांगतो, तो प्रसंग अतिशयोक्त नाही. ज्यानं लिहिला त्यानं गावचं नाटक पाहिलंय, असं मी म्हणेन.

तिसरीघंटा
मास्तर, म्हैस सुटणं आणि फार्स लिहिणं यात फरक आहे. बबन प्रभूंचे फार्स आठवा. 'झोपी गेलेला जागा झाला', 'दिनूच्या सासूबाई राधाबाई'. गोंधळ कितीही होऊ दे, कोण कुणापासून काय लपवतंय हे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही माहीत असतं. एक दार उघडायचं तर दुसरं बंद झालेलं असतं, आणि ते अर्धा सेकंद चुकलं तरी हशा जातो. मी स्वतः दाराआड उभा राहून आकडे मोजलेत. त्या मोजणीचा मला अभिमान आहे. सिनेमातल्या प्रसंगात मोजणी कुठे आहे? सगळे एकदम ओरडतात.

पेटीमास्तर
मोजणी नाही? परत बघा. सगळ्यांना एकच गोष्ट हवी, द्रौपदी. विनोद-सुधीरला पुरावा म्हणून, तर्नेजाच्या माणसांना लपवायला. आणि नाटक म्हणतं वस्त्रहरण करा! वस्त्र फिटलं की प्रेत उघडं पडणार. म्हणजे वाचवणाऱ्यालाच कथा बदलून वस्त्रहरण टाळावं लागतं. तुमच्या दारांचं काम इथे एक साडी करते.

कडेचीखुर्ची
मास्तरांशी सहमत. तिसरीघंटा, तुम्ही नट म्हणून बघताय, पण प्रेत झालेल्या नटाबद्दल एक अक्षर नाही. सतीश शहा ऑक्टोबर २०२५मध्ये गेले तेव्हा मी मुलीला हा सिनेमा दाखवला. ती विचारत होती, बाबा, यांनी श्वास कुठे घेतला? आयुक्त डिमेलो म्हणून बोलतात तेवढंच माणसाला लक्षात राहिलं असतं. मेल्यावर जास्त राहिले. मी एका एकांकिकेत प्रेत झालो होतो, सात मिनिटं. कानाशी डास होता. सातव्या मिनिटाला माझ्या डोळ्यातून पाणी आलं आणि परीक्षकांनी लिहिलं, 'प्रेत रडले.' ते काम सोपं नाही हो.

तिसरीघंटा
सतीश शहांबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. उचलणाऱ्याच्या अंगावर पूर्ण भार सोडणं जिवंत माणसाला जमत नाही, मान आपोआप सावरली जाते. त्यांनी ती सावरली नाही. हे मान्य.

पण मग शोभा झालेल्या भक्ती बर्व्यांचं काय? ज्या बाईनं 'ती फुलराणी' एकटीच्या खांद्यावर पेलली, तिला इथे काय दिलं?

लालदिवा
काय दिलं? सिनेमातलं सगळ्यात अवघड काम दिलं! बाकी सगळे आरडाओरडा करतात, शोभा कधीच नाही. ती हसून, मायेनं बोलत त्या दोघांना वापरते. तिच्यावर विश्वास बसला नाही तर सगळा शेवट कोसळतो. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिचा सौदा उघड होईपर्यंत मला ती नायिका वाटत होती. हे नाटकातून आलेल्या नटीशिवाय जमलं नसतं. आणि कृपा करून मराठी नटीवर अन्याय झाला म्हणून रडू नका, ते काम पुन्हा बघा.

तिसरीघंटा
रडत नाहीये. २००१मध्ये द्रुतगती मार्गावर त्या गेल्या, त्याच्या काही दिवस आधी मी त्यांना नाट्यगृहाच्या आवारात पाहिलं होतं. त्यामुळे त्यांच्याबद्दल बोलताना आवाज चढतो, एवढंच.

सरळरेषा
माझ्या लेखावरचा धागा प्रेत कसं उचलावं यावर येऊन थांबलाय. तरी काल रात्री सिनेमा पुन्हा लावला, म्हणून लिहितो.

लालदिवा, हुद्द्याचं तुमचं म्हणणं मला मान्य करावं लागतंय. क्लूसोशी तुलना चुकली. रहस्य लवकर फुटतं हा आक्षेपही मागे घेतो, कारण फोटो मोठा करण्याच्या प्रसंगात मला खुनी माहीत असूनही मी पुढे सरकून बसलो होतो.

शेवटाबद्दल माझं मत तेच आहे. मला तो आवडत नाही, आणि पटवून द्यायचा प्रयत्न करू नका. पूल पडतो तेव्हा मला वडील दिसतात. एका साकवाच्या कामावर त्यांनी वाळू परत पाठवली होती आणि त्यानंतर सहा महिन्यांत त्यांची बदली झाली. तो साकव अजून उभा आहे. अशा माणसासाठी त्या सिनेमात एक मिनिटही नाही.

लालदिवा
नाहीये. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

ओलभिंत
साकव कुठे आहे? फोटो असेल तर टाका.

सरळरेषा
फोटो नाही. दिवाळीत गावी गेलो की काढतो.